अस्सल कागद आणि शेवटची दोन पाने

तिसऱ्या वर्षाच्या विज्ञान प्रकल्पाला मुंबईतली मुले ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. काळे रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरे, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, पद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, आणि सगळ्यात शेवटी दोन पाने ‘रेफरन्सेस’. बाकीच्या पानांवर वर्षभर घाम गाळलेला असतो. ही दोन पाने मात्र बहुधा बाइंडिंगला टाकायच्या आदल्या रात्री होतात. एका मैत्रिणीच्या फाइलमधून चार नोंदी, गूगलवरून सहा, पाठ्यपुस्तकाच्या मागून तीन, की झाली यादी. गाइडही वरवर नजर फिरवतात, कारण त्यांच्या टेबलावर अशी पंचवीस बाडे असतात.

प्रकल्प हातात आला की मी मागून वाचायला सुरुवात करतो. कोणी काय वाचले, किती वाचले आणि काय न वाचताच लिहिले, हे त्या दोन पानांवर उघडे पडते. कॉटन ग्रीन, काळाचौकी, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांशी गेली अनेक वर्षे याच विषयावर बोलत आलो, आणि त्या बोलण्यातूनच ही पुस्तिका तयार झाली. संदर्भ कसा शोधायचा, कसा वाचायचा, कसा नोंदवायचा, हे पुढच्या प्रकरणांत तपशीलवार आहे. प्रस्तावनेत मला एवढेच सांगायचे आहे की याला मी इतके महत्त्व का देतो.

मराठी वाचकाला एक गोष्ट नव्याने शिकवावी लागत नाही. इतिहासाचा विषय निघाला की आपल्याकडे साधा माणूसही विचारतो, ‘याला कागद काय?’ बखर म्हणते ते एक आणि अस्सल पत्र म्हणते ते दुसरे, हा भेद आपल्या अंगवळणी पडलेला आहे. ती सवय लावली वि. का. राजवाड्यांनी. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे सोडवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. पहिला खंड 1898 सालचा, आणि एकूण खंड बावीस झाले. त्या खंडांच्या त्यांच्या लांबलचक प्रस्तावनांशी आजही लोक भांडतात, पण भांडणारालाही कागद काढूनच भांडावे लागते. त्याही आधी कित्येक शतके मल्लिनाथाने मुळात आधार नसलेले काहीही लिहिणार नाही, अशी टीकाकाराची प्रतिज्ञा करून ठेवली होती.

ही शिस्त आपण विज्ञानाच्या वर्गात नेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाजी महाराजांच्या एखाद्या पत्राच्या तारखेवर तावातावाने बोलणारा मुलगा प्लेगच्या जंतूबद्दल लिहिताना कुठल्या तरी संकेतस्थळावरचे वाक्य जसेच्या तसे उचलतो, आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. विज्ञानातला अस्सल कागद म्हणजे मूळ शोधनिबंध. प्रयोग ज्याने केला, मोजमाप ज्याने घेतले, त्याने स्वतः लिहिलेला. पाठ्यपुस्तक, विश्वकोश, वर्तमानपत्र, व्हिडिओ ही सगळी बखर. बखर वाचू नये असे मी म्हणत नाही. विषय समजायला तिच्याइतके चांगले काही नाही. मात्र पुरावा म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही.

उदाहरणासाठी लांब जायला नको. कॉटन ग्रीन स्टेशनवरून चालत निघालो तर अर्ध्या-पाऊण तासात परळच्या हाफकिन संस्थेच्या फाटकाशी पोचतो. ‘हाफकिन यांनी प्लेग उंदरांमुळे होतो हे शोधून काढले आणि त्यावर लस तयार केली.’ प्रकल्पातले असे वाक्य वाचायला सुबक वाटते, पण त्याचा अर्धा भाग चुकीचा आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोन वर्षे आधीच, 1894 मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी वेगळा केला होता. वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात छोट्याशा जागेत कामाला लागले, आणि 10 जानेवारी 1897 रोजी आपल्या लसीची पहिली टोचणी त्यांनी स्वतःला करून घेतली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि 1925 मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे मात्र 1898 मध्ये कराचीत दाखवले पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने. त्याच्यावर तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही.

तो विश्वास परळमध्ये मिळवला गेला. 1905 पासून प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या मंडळींनी याच प्रयोगशाळेत काम केले, आणि त्यांचे अहवाल 1906 पासून ‘जर्नल ऑफ हायजीन’ मध्ये छापून आले. त्यातल्या एका प्रयोगाची मांडणी प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावी. पिसवा असलेल्या जागेत गिनीपिगचे पिंजरे टांगले होते, काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर. पिसू साधारण चार इंचांच्या वर उडी मारू शकत नाही. खालच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला, वरचे वाचले. दोघांभोवती हवा तीच होती, खोली तीच होती. पिंजऱ्याची उंची तेवढी बदलली, आणि प्लेग हवेतून पसरतो या समजाला धक्का बसला.

पाठ्यपुस्तकात हा सगळा खटाटोप ‘पिसवांमार्फत प्रसार होतो’ एवढ्या तीन शब्दांत संपतो. ते तीन शब्द पाठ होतात, पण पिंजरा कोणत्या उंचीवर टांगायचा हे कोणाला तरी सुचावे लागते, हे त्यातून कळत नाही. मूळ निबंध वाचणारा विद्यार्थी प्रयोग कसा रचायचा ते शिकतो. संदर्भ देणे हा प्रकल्पाचा शेवटचा सोपस्कार नसून अभ्यासाची सुरुवात आहे, असे मी म्हणतो ते यासाठी. आणि हे अहवाल आज कोणालाही फुकट वाचता येतात. ‘जर्नल ऑफ हायजीन’ चे जुने अंक पबमेड सेंट्रलवर पानापानाने चढवलेले आहेत. आपल्याच परळमध्ये झालेले हे काम जगातला कोणीही मोबाइलवर वाचू शकतो, आणि आपली मुले त्याची चौथी-पाचवी नक्कल वाचतात.

हाफकिन यांच्याच आयुष्यात कागदाने माणूस कसा तारला तेही पाहायला मिळते. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. ठपका प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. पुढे चौकशीची कागदपत्रे उघड झाली आणि इतर शास्त्रज्ञांनी ती ओळीओळीने तपासली. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हे त्यात नोंदलेले होते. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतरांनी लंडनच्या ‘टाइम्स’ मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्यांच्यावरचा डाग पुसला गेला.

आता परळमधलीच दुसरी हकिकत. संदर्भ देण्याच्या नैतिक बाजूबद्दल बोलायचे झाले तर मला याहून मोठे उदाहरण माहीत नाही.

6 ऑगस्ट 1986 रोजी के. ई. एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या गटाचे ते यश होते. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून देशभर तिची बातमी झाली, पाठ्यपुस्तकांत नोंद झाली, गटाला मान मिळाला. त्याआधी आठ वर्षे, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, म्हणजे इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या अशा बाळानंतर सत्तर दिवसांच्या आत, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने अशीच एक मुलगी जन्मली होती. पण सरकारी समितीने त्यांचा दावा झिडकारला. त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली, आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांनी काहीच छापले नव्हते असेही नाही. गर्भ गोठवून ठेवण्याबद्दलचे त्यांचे छोटे टिपण 1978 मध्येच ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’ मध्ये आले होते. अतिशीत तापमानाच्या शास्त्राचे ते नियतकालिक. स्त्रीरोगतज्ज्ञ ते कशाला उघडतील?

1997 मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना मुखोपाध्याय यांच्या हस्ताक्षरातले कागद त्यांच्यासमोर आले. त्यांनी ते बारकाईने तपासले, त्या मुलीच्या आईवडिलांशी बोलले, आणि त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ मध्ये लेख लिहून जाहीर केले की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय होते. ज्या पहिलेपणाचा मान स्वतःच्या गटाकडे होता तो त्यांनी स्वतःच्या सहीने दुसऱ्याच्या नावावर लिहून दिला. तसे करायला त्यांना कोणी भाग पाडले नव्हते. गप्प बसले असते तर कोणी जाब विचारला नसता. आपल्याआधी काम झालेले आहे हे कागदावरून दिसले, आणि दिसले ते त्यांनी छापले, इतकेच. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मुखोपाध्याय यांच्या कामाला मान्यता दिली.

आपल्या ब्लॅक बुकातली प्रत्येक नोंद हे अशाच कामाचे छोटे रूप आहे. ‘हे मी केले नाही, अमक्याने केले, मी त्याच्यापुढे एवढेच केले,’ असे तिथे म्हणायचे असते. आधीच्याचे श्रेय स्पष्ट लिहिल्याने आपले काम लहान होत नाही. उलट आपले म्हणून जे उरते ते खरोखर आपले आहे याची खात्री वाचणाऱ्याला पटते.

न वाचता दिलेला संदर्भ किती महाग पडू शकतो, याचा दाखला अमेरिकेचा आहे. जानेवारी 1980 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. बॉस्टनच्या संशोधकांनी लिहिले होते की रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गातले वेदनाशामक घेतलेल्या 11,882 रुग्णांत व्यसन लागल्याची चारच प्रकरणे आढळली. पत्रात चूक काही नव्हती. पण पुढच्या 37 वर्षांत ते 608 वेळा उद्धृत झाले. 2017 मध्ये त्याच नियतकालिकाने छापलेल्या पाहणीत दिसले की सुमारे 72 टक्के लेखकांनी व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून ते पत्र वापरले होते, आणि सुमारे 81 टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलेच नव्हते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हते. तरी डॉक्टर निर्धास्त झाले, गोळ्या लिहीत राहिले, आणि त्या देशावर व्यसनाचे केवढे संकट कोसळले ते सर्वांना ठाऊक आहे. सहाशे जणांनी पाच वाक्ये नीट वाचली असती तर! त्याला पाच मिनिटेही लागली नसती.

म्हणून या पुस्तिकेतला पहिला नियम असा ठेवला आहे: जो निबंध तुम्ही उघडून वाचला नाही तो यादीत घालू नका. मूळ मिळालाच नाही आणि दुसऱ्याच्या लेखातून त्याची माहिती घेतली, तर तसे स्पष्ट लिहा: अमक्याच्या लेखात उद्धृत. त्यात कमीपणा नाही. नुसता ॲब्स्ट्रॅक्ट वाचून संदर्भ देण्याची पद्धत फार बोकाळली आहे, तीही सोडा. किती नमुने, कुठले, कोणत्या परिस्थितीत, हे बहुधा आतल्या पानांवर असते. आणि निबंध पुढे मागे घेतला गेला आहे का तेही पाहा. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा, बाराच मुलांवर बेतलेला ‘लॅन्सेट’ मधला 1998 चा निबंध 2010 मध्ये रद्द झाला. त्याचा आधार घेऊन आजही पालकांना घाबरवले जाते.

सध्या मुलांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती टक्क्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून आकडा दहाच्या खाली आणायची धडपड चालते. शब्द फिरवा, वाक्य उलटेसुलटे करा, आकडा उतरला की सुटलो. मला हा प्रकार नुसत्या नकलेपेक्षा वाईट वाटतो. साम्य मोजणारे सॉफ्टवेअर शब्द मोजते. विचार कोणाचा आणि वाचले कोणी, हे त्याला कळत नाही. संदर्भ देऊन, अवतरणचिन्हांत घेतलेले बारा टक्के प्रामाणिक असू शकतात आणि शब्द बदलून लपवलेले तीन टक्केही चोरी असू शकते.

त्यातच आता लिहून देणारी यंत्रे आली. त्यांना संदर्भ मागितला की लेखकाचे नाव, निबंधाचे शीर्षक, नियतकालिक, खंड, पृष्ठे असे सगळे ठाकठीक मिळते, आणि कधी कधी तसा निबंध जगात कुठेच नसतो. अस्तित्वात नसलेला संदर्भ छापून येऊ शकतो हे आपल्या माणसाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी अलीगढला असताना, 1931 च्या सुमारास, आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या सुचवण्यावरून त्यांनी बुर्बाकी नावाच्या कुठल्याशा रशियनाच्या प्रमेयावर टिपण लिहिले. तसा रशियन कधी झालाच नव्हता. टिपण अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत रीतसर छापले गेले, कोणी अडवले नाही. त्याच कोसंबींनी 1944 मध्ये ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ च्या बाराव्या खंडात चार पानांचा निबंध लिहिला. गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर काढण्याचे त्यातले सूत्र भातापासून कापसापर्यंत पिकांच्या जनुकीय नकाशांत आजही कोसंबींच्या नावाने वापरतात. कॉटन ग्रीनच्या गोदामांत ज्या पिकाच्या गाठी रचल्या जात, त्याच्या जनुकांचा हिशेब मांडताना गोव्याच्या या माणसाचे नाव घ्यावे लागते, याचा मला अभिमान वाटतो. पण ते नाव घेणाऱ्या किती जणांनी ती चार पाने उघडली असतील?

संदर्भ खरा की खोटा हे ओळखायची रीत सोपी आहे. डीओआय क्रमांक असेल तर तो टाकून पाहा. नसेल तर त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो खंड काढा आणि त्या पृष्ठावर जा. तिथे दुसऱ्याच कोणाचा निबंध असेल तर विषय संपला. यंत्राला विषय समजावून द्यायला सांगा, अवघड परिच्छेद सोपा करून घ्या, माझी हरकत नाही. यादी मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपासलेली हवी.

‘सर, पेपर विकतच घ्यावे लागतात,’ ही तक्रार खरी आहे. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिने खुली केली, पण केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयातला मुलगा बाहेरच राहिला, आणि आपल्या भागातली कितीतरी मुले अशाच महाविद्यालयांत शिकतात. हे मला अन्यायाचे वाटते. तरीही रिकाम्या हाताने बसायचे कारण नाही. ‘करंट सायन्स’ 1932 पासूनचे अंक खुले ठेवते. भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिके वाचता येतात. देशभरचे पीएच.डी. प्रबंध शोधगंगेवर आहेत. पबमेड सेंट्रल आहेच. आणि हे सगळे संपले तर लेखकाला दोन ओळींचे ई-पत्र लिहा. निबंधाची प्रत मागणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक संशोधक आनंदाने ती पाठवतात.

विषयही हाकेच्या अंतरावर आहेत. शिवडीच्या चिखलपट्ट्यावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि दर वर्षी त्यांच्यावर दोन-चार प्रकल्प होतात. ‘हजारो फ्लेमिंगो येतात’ या वाक्यावर त्यातले बरेच थांबतात. कोणी मोजले? कोणत्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला? धाकटे रोहित किती, थोरले किती? जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू होण्याआधीची मोजणी कोणती आणि नंतरची कोणती? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 पासून मुंबईत आहे आणि तिचे नियतकालिक 1886 पासून निघते. वर्तमानपत्रातला आकडा उतरवण्याआधी तिच्या नोंदी आणि निबंध चाळायला एक दुपार पुरेल.

पुढच्या पानांत संदर्भ लिहिण्याच्या दोन-तीन प्रचलित पद्धती दिल्या आहेत. स्वल्पविराम कुठे आणि तिरके अक्षर कुठे, यावर मी फार वेळ घालवलेला नाही. झोटेरोसारखे मोफत साधन ते काम करते. विभागाने जी पद्धत ठरवली असेल ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळा, एवढे पुरे. वेळ द्यायचा तो टिपणवहीला. निबंध वाचला त्याच दिवशी लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, पृष्ठे आणि आपल्याला उपयोगी पडलेली एक गोष्ट स्वतःच्या शब्दांत उतरवून ठेवा. मार्चमध्ये धावपळ होणार नाही.

शेवटी बाहेरून परीक्षक म्हणून येणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. व्हायवाला बसलात की यादीतली कोणतीही एक नोंद निवडा आणि विद्यार्थ्याला विचारा, ‘या निबंधात काय केले आहे ते सांग.’ त्या उत्तराला गुण द्या. एवढे एक वर्ष झाले तरी पुढच्या वर्षीच्या याद्या छोट्या होतील आणि त्यातली प्रत्येक नोंद वाचलेली असेल.

कॉटन ग्रीन, मुंबई